‘शाळा कंपनीसारख्या चालवा’: ढकलपत्रातल्या अमेरिकेची उलटतपासणी

मराठी ग्रुपांवर सध्या एक लांबलचक ढकलपत्र फिरतंय. मथळा ‘अमेरिकेने करून दाखवलं’. सार असं: १९७० पासून तिथल्या सरकारी शाळांवर पैसा ओतला, निकाल जागच्या जागी. मग उद्योगजगतातल्या माणसांनी सूत्रं हातात घेतली, शिक्षकांना मुलांच्या गुणांवर तोललं, चार्टर शाळा (सरकारी पैशावर, पण खाजगी मंडळाने चालवलेल्या) आणि व्हाउचर (खाजगी शाळेच्या फीसाठी पालकांना सरकारी पैसे) आणले, गरिबाच्या मुलाला पर्याय मिळाला आणि शाळा ताळ्यावर आल्या. शेवटी नेहमीचं पालुपद: महाराष्ट्रानेही जिल्हा परिषदेच्या शाळा अशाच कंपन्यांच्या हवाली कराव्यात.

माझी मुलं न्यू जर्सीतल्या सरकारी शाळेत शिकली. ज्यांनी मला हे पाठवलं, त्यांचीही तिथेच शिकतात. तिथल्या एडिसन गावात घर बघताना हीच मंडळी आधी स्कूल डिस्ट्रिक्टचं (म्हणजे स्थानिक सरकारी शाळांच्या विभागाचं) रेटिंग विचारतात आणि मग किचन बघतात. असो, मुद्द्यांकडे येते.

‘पैसा वाढला, निकाल तिथेच.’

खर्च वाढला हे खरं आहे. महागाई वजा जाता दर विद्यार्थ्यामागे तो दुपटीहून जास्त झाला. पण तो गेला कुठे, हे ढकलपत्र सांगत नाही. १९७५ पर्यंत अमेरिकेत दहा लाखांवर अपंग मुलं सरकारी शाळांच्या बाहेरच होती. त्या वर्षी कायदा झाला आणि प्रत्येक अशा मुलाला शिकवणं शाळांवर बंधनकारक झालं. एका मुलासाठी वेगळा मदतनीस, स्पीच थेरपिस्ट, व्हीलचेअर चढेल अशी बस, हा सगळा खर्च त्या वाढीत आहे. याला उधळपट्टी म्हणायचं असेल तर तोंडावर म्हणावं, आलेखाआड लपून नव्हे.

निकालही जागच्या जागी नाहीत. देशपातळीवरच्या नेप चाचणीत ९ वर्षांच्या मुलांचे गणिताचे सरासरी गुण १९७३ मध्ये २१९ होते, २०१२ मध्ये २४४. कृष्णवर्णीय मुलांचे १९० वरून २२६ वर गेले. १७ वर्षांच्या मुलांचे आकडे मात्र जवळपास हलले नाहीत, आणि ढकलपत्राने नेमका तेवढाच आलेख उचललाय.

अजून एक आकडा बघा. २००९ च्या पिसा या आंतरराष्ट्रीय चाचणीत, अमेरिकेतल्या ज्या सरकारी शाळांमध्ये सवलतीच्या जेवणाला पात्र, म्हणजे गरीब घरची, मुलं १० टक्क्यांहून कमी होती, तिथल्या मुलांचे वाचनाचे सरासरी गुण ५५१. पहिल्या आलेल्या शांघायचे ५५६. जिथे अशी मुलं ७५ टक्क्यांहून जास्त होती, तिथले ४४६. दोन्ही शाळा सरकारीच. मग सरकारी असणं हा रोग कसा ठरतो? शाळेच्या पैशातला मोठा वाटा इथे स्थानिक प्रॉपर्टी टॅक्समधून येतो, म्हणजे ज्या गावात घरं महाग त्या गावाच्या शाळेच्या हातात पैसा जास्त. ढकलपत्रात गरिबीचा ‘ग’सुद्धा नाही.

‘न्यू ऑर्लिन्स बघा.’

बघूच. २००५ च्या कट्रीना वादळानंतर शहरातल्या बहुतेक शाळा राज्याने ताब्यात घेतल्या, सुमारे ७,५०० कर्मचाऱ्यांना काढून टाकलं आणि पुढच्या दशकात जवळपास सगळ्या शाळा चार्टर झाल्या. तिथे गुण वाढले. तिथल्याच तुलेन विद्यापीठातल्या संशोधकांनी ते नीट मोजलंय आणि ती वाढ मी नाकारत नाही. पण त्यांनीच हेही मोजलं की दर विद्यार्थ्यामागचा खर्च १३ टक्क्यांनी वाढला. पैशाने काही होत नाही म्हणणाऱ्यांनी उदाहरण निवडलं तेच नेमकं पैसा वाढलेलं. त्यातही प्रशासनावरचा खर्च ६६ टक्के वाढला आणि प्रत्यक्ष शिकवण्यावरचा १० टक्के घटला. कंपनीसारखा कारभार म्हणजे वरची फळी बारीक, ही समजूत कुठून आली कोण जाणे. शहरातल्या कृष्णवर्णीय शिक्षकांचं प्रमाण ७१ टक्क्यांवरून ४९ वर आलं, ते वेगळंच.

‘गुणांवर शिक्षक तोला, नापास शिक्षकाला घरी बसवा.’

ढकलपत्रातला हा सगळ्यात टाळ्याखाऊ मुद्दा, आणि सगळ्यात पोकळही.

‘व्हॅल्यू ॲडेड’ नावाचं एक सूत्र होतं. मुलाचे मागच्या वर्षीचे गुण घ्यायचे, यंदा किती अपेक्षित होते ते गणिताने काढायचं, आणि फरक शिक्षकाच्या खात्यावर मांडायचा. न्यू यॉर्कजवळच्या ग्रेट नेकमध्ये चौथीला शिकवणाऱ्या एका शिक्षिकेला या सूत्राने एका वर्षी २० पैकी १४ दिले आणि पुढच्या वर्षी २० पैकी १. शाळा तीच, बाई त्याच, आणि दोन्ही वर्षी त्यांच्या वर्गातली मुलं राज्याच्या सरासरीच्या बरीच पुढे. बाई कोर्टात गेल्या. २०१६ मध्ये न्यायाधीशांनी तो शेरा मनमानी ठरवून रद्द केला. ह्यूस्टनमध्ये तर सूत्र एका सॉफ्टवेअर कंपनीचं व्यापारी गुपित होतं. नोकरी ज्या आकड्यावर टांगलेली, तो आला कसा हे शिक्षकाला तपासताच येत नव्हतं. २०१७ मध्ये फेडरल कोर्टाने यावर ताशेरे ओढले आणि डिस्ट्रिक्टला माघार घ्यावी लागली. अमेरिकेच्या संख्याशास्त्रज्ञांच्या संघटनेने २०१४ मध्येच सांगितलं होतं की मुलामुलांच्या गुणांतल्या फरकापैकी शिक्षकामुळे पडणारा भाग १ ते १४ टक्के. बाकी कारणं शिक्षकाच्या हातात नाहीत.

आणि नोकऱ्या, बोनस, शाळेचं नाव सगळं एका आकड्यावर ठेवलं की काय होतं ते अटलांटाने दाखवलं. तिथल्या शिक्षणप्रमुख बेव्हर्ली हॉल २००९ मध्ये देशातल्या सर्वोत्तम शिक्षणप्रमुख ठरल्या होत्या. गुण चढत होते आणि पाच लाख डॉलरहून जास्त बोनस त्यांना मिळाला होता. २०११ चा राज्याचा चौकशी अहवाल सांगतो: तपासलेल्या ५६ पैकी ४४ शाळांत लबाडी, १७८ शिक्षक आणि मुख्याध्यापक त्यात गुंतलेले. एका शाळेतल्या शिक्षकांनी तर उत्तरपत्रिका एकीच्या घरी नेऊन सुट्टीच्या दिवशी बसून चुकीची उत्तरं खोडली, बरोबर गोल काळे केले. मुलांनी परीक्षा दिली आणि पेपर बाईंनी सोडवला! हॉल यांच्यावरही आरोपपत्र दाखल झालं, पण त्यांच्यावरचा खटला उभा राहण्याआधीच त्यांचं निधन झालं. २०१५ मध्ये अकरा जण दोषी ठरले, तेही संघटित गुन्हेगारीविरोधी कायद्याखाली. नऊ-दहा वर्षांच्या ज्या मुलांना वाचताच येत नव्हतं, ती कागदावर पास असल्यामुळे जादा शिकवणीलाही पात्र ठरली नाहीत.

हे सगळं हौसेने आणि भरपूर पैशाने करून पाहिल्याचा हिशेबही उपलब्ध आहे. गेट्स फाउंडेशनच्या पुढाकाराने मेम्फिस, पिट्सबर्ग, टँपा अशा ठिकाणी शिक्षक-मूल्यमापनाचा मोठा प्रयोग झाला. खर्च ५७.५ कोटी डॉलर, त्यातला मोठा भाग स्थानिक आणि सरकारी तिजोरीतला. आयजीच्या जिवावर बायजी उदार. २०१८ मध्ये त्यावर रँड या संशोधन संस्थेचा अहवाल आला: विद्यार्थ्यांच्या निकालात म्हणावी अशी सुधारणा नाही.

‘गरिबाच्या मुलाला पर्याय मिळाला.’

काही मुलांना मिळाला. बॉस्टनच्या चार्टर शाळा खरोखर चांगल्या आहेत. पण बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स राज्यात सरकार परवाने मोजून देतं आणि जमत नसेल तर काढून घेतं. तिथे यश आलं ते सरकारचा लगाम घट्ट असल्यामुळे. परवान्यांची मर्यादा वाढवायची का, असं २०१६ मध्ये तिथल्या मतदारांना विचारलं, तर ६२ टक्के लोक ‘नको’ म्हणाले.

पर्यायाची दुसरी बाजू अशी की निवड फक्त पालक करत नाहीत, शाळाही करते. न्यू यॉर्कच्या सक्सेस अकॅडमी या चार्टर शाळांच्या साखळीचे निकाल नेहमी मिरवले जातात. तिच्या ब्रुकलिनमधल्या एका शाळेच्या मुख्याध्यापकांनी ‘ही जायलाच हवीत’ अशी १६ मुलांची यादीच केली होती, हे २०१५ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने छापलं. त्यातली नऊ पुढे खरोखरच गेली. शिवाय तेव्हा चौथीनंतर ही संस्था नवीन मुलं घेत नव्हती. सरकारी शाळेला अशी यादी करता येत नाही. सातवीत, फेब्रुवारीत, इंग्रजीचा गंध नसलेलं मूल दारात आलं तरी त्याला बसायला बाक द्यावाच लागतो. या दोन शाळांच्या निकालांची तुलना करून कसला निष्कर्ष काढायचा?

व्हाउचरचं थोडक्यात. लुइझियानात व्हाउचर घेऊन खाजगी शाळेत गेलेल्या मुलांचे गणिताचे गुण चांगलेच घसरले. ॲरिझोनाने २०२२ मध्ये ते सरसकट सगळ्यांना दिले, तेव्हा सुरुवातीच्या अर्जदारांपैकी सुमारे तीन चतुर्थांश मुलं सरकारी शाळेत नव्हतीच. त्यांच्या पालकांना आधीपासून परवडत असलेल्या खर्चावर सरकारी अनुदान मिळालं. यात गरिबाचं मूल कुठे आलं?

‘खाजगी शाळा चालली नाही तर आपोआप बंद पडते. बाजाराची शिस्त!’

बंद पडते हे खरंच. ओहायोमध्ये ‘इलेक्ट्रॉनिक क्लासरूम ऑफ टुमॉरो’ नावाची ऑनलाइन चार्टर शाळा २००० पासून चालू होती. शाळेला सरकार डोई पैसे द्यायचं आणि शाळा त्यातून संस्थापकाच्याच खाजगी कंपन्यांना व्यवस्थापनाचे आणि सॉफ्टवेअरचे पैसे मोजायची. २०१० च्या पदवीदानाला फ्लोरिडाचे माजी गव्हर्नर जेब बुश प्रमुख पाहुणे होते. पुढे राज्याने साधा प्रश्न विचारला: मुलं लॉग-इन तरी करतात का? शाळेने सुमारे १५,३०० पूर्णवेळ विद्यार्थी दाखवले होते, पुरावा निघाला जेमतेम ६,३०० चा. एका वर्षाचे सहा कोटी डॉलर परत करा, असा आदेश निघाला.

बाजाराची ही शिस्त यायला सतरा वर्षं लागली, आणि आली तीही बाजारातून नव्हे, सरकारी हिशेबतपासणीतून. जानेवारी २०१८ मध्ये, शैक्षणिक वर्षाच्या मध्यावर, शाळा बंद झाली आणि सुमारे १२,००० मुलं एका फटक्यात शाळेविना राहिली. काही दुसऱ्या ऑनलाइन शाळांत गेली. जी आपापल्या गावच्या सरकारी शाळेच्या दारात आली, त्यांना त्या शाळांनी अर्ध्या वर्षातच दाखल करून घेतलं. तसं करणं त्यांना कायद्याने भागच होतं.