सात मीटर आणि टाळ्या

आज सकाळी माझ्यासाठी टाळ्या वाजवण्यात आल्या. त्या अजून माझ्या कानांत आहेत. डाव्या कानात पाणीही आहे, त्यामुळे दोहोंपैकी अधिक त्रास कशाचा होतो आहे हे नक्की सांगता येत नाही.

घटना एवढीच की वयाच्या ६१व्या वर्षी, गुडघे आणि डॉक्टर यांनी संगनमत केल्यामुळे, मी पोहायला शिकू लागलो आणि आज अठराव्या दिवशी २५ मीटर लांबीच्या तलावात कोणाच्याही आधाराशिवाय ७ मीटर गेलो. गेलो म्हणजे हातपाय मारत, अर्धा-पाऊण पेला पाणी पिऊन, शेवटी भिंतीला नव्हे तर एका शाळकरी मुलाच्या खांद्याला हात लागून थांबलो. मुलगा सभ्य होता. त्याने माझा हात खांद्यावरून काढून काठाच्या कठड्यावर नीट ठेवला आणि तो आपल्या वाटेने पोहत निघून गेला. प्रसंग तेथेच संपला असता, तर मी आजचा दिवस आनंदात घालवला असता.

परंतु आमच्या तलावाच्या काठावर एक गृहस्थ असतात. पोहण्याची चड्डी, टोपी, कपाळावर चढवलेला गॉगल, खांद्यावर घडी घातलेला टॉवेल, असा त्यांचा सगळा सरंजाम एखाद्या स्पर्धकासारखा असतो. मात्र या अठरा दिवसांत त्यांच्या घोट्यांच्या वर पाणी चढलेले मी पाहिलेले नाही. ते काठावर बसतात, पाय पाण्यात सोडतात आणि पाण्यात असलेल्या प्रत्येकाला मार्गदर्शन करतात. पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला गाठले.

“साहेब, वय काय आपलं?”

“एकसष्ट.”

“अरे वा! या वयात!”

“कोणत्या वयात?”

“याच की. एकसष्टाव्या.”

“आणि चाळिसाव्या वर्षी शिकलो असतो तर?”

“तर मग त्यात विशेष ते काय?” त्यांनी मला समजावले. “चाळिशीत काय, कोणीही शिकेल.”

मी त्यांचे वय विचारले. ते छप्पन्न निघाले. “माझं अजून तसं वय झालेलं नाही,” ते म्हणाले, “म्हणून तर मी घाई करत नाही.”

त्यानंतर रोज सकाळी मी पाण्यात आणि ते काठावर असा आमचा सहवास सुरू झाला. एखाद्याला पाण्यात पाहणे या वाक्प्रचाराचा अर्थ द्वेष करणे असा का झाला असावा, हे कोडे मला आयुष्यभर होते. आता ते निम्मे सुटले आहे. ज्याला पाण्यात पाहिले जाते त्याच्या मनात काय उत्पन्न होते, हे मी पुराव्यानिशी सांगू शकतो. दम खात मी कठड्याला लटकलेलो असताना त्यांनी एकदा मला डायना नायडची गोष्ट ऐकवली. “चौसष्ट वर्षांची बाई, क्यूबाहून फ्लोरिडापर्यंत पोहत गेली. त्रेपन्न तास! आणि तुम्ही सात मिनिटांत दमता?” घरी जाऊन मी चौकशी केली. २०१३ साली त्या सुमारे १७७ किलोमीटर पोहत गेल्या हे खरेच आहे. परंतु तो त्यांचा पाचवा प्रयत्न होता, पहिला १९७८ सालचा, आणि पोहण्यात त्या लहानपणापासूनच मुरलेल्या होत्या. ज्या वयात त्या समुद्राशी भांडत होत्या त्या वयात मी हिशेबाच्या चोपड्यांशी भांडत होतो. दुसऱ्या दिवशी हे सगळे मी त्या गृहस्थांना सांगितले, तेव्हा ते कौतुकाने म्हणाले, “बघा, स्मरणशक्तीसुद्धा शाबूत आहे!”

वास्तविक पाण्याबद्दल माझी काडीमात्र तक्रार नाही. पाणी कोणाचे वय विचारत नाही. माणसाची फुप्फुसे छातीत असल्यामुळे वरचा भाग तरंगतो आणि हाडामांसाचे जड पाय खाली जातात, हा नियम विशीतल्या आणि साठीतल्या देहाला सारखाच लागू आहे. आमचे शिक्षक हे शांतपणे सांगतात. “काका, डोकं वर काढू नका, डोकं वर आलं की कंबर खाली जाते,” हे वाक्य त्यांनी मला आजवर किती वेळा ऐकवले असेल याची गणती नाही, आणि तरीही प्रत्येक वेळी माझे डोके वर येतेच, कारण एकसष्ट वर्षे हे डोके पाण्याबाहेर ठेवण्यातच माझी हुशारी खर्च झालेली आहे. श्वासाचेही तेच. मी पाण्याखाली श्वास कोंडून धरतो आणि वर आल्यावर सोडणे व घेणे ही दोन्ही कामे अर्ध्या सेकंदात उरकू पाहतो. त्या वेळी जीव घाबरतो तो हवा कमी पडते म्हणून नव्हे, तर आतला कार्बन डायऑक्साइड बाहेर पडलेला नसतो म्हणून. तेव्हा पाण्यातच श्वास सोडायचा, बुडबुडे येऊ द्यायचे, हे शिक्षकांनी समजावले, मला पटले, आणि मी पुन्हा श्वास कोंडून धरला. तोंड पाण्यात घालून बुडबुडे काढणे हे माझ्या लेखी पाच वर्षांच्या आतील मुलांचे काम होते आणि ते केल्यास आईचा ओरडा बसत असे.

टोपीबद्दल मात्र माझी तक्रार आहे. पाण्यात केस पडू नयेत म्हणून तलावावर टोपी सक्तीची आहे. माझ्या डोक्यावर पडण्याजोगे काही उरलेले नाही, हे मी टोपी काढून दाखवले, तेव्हा नियम सर्वांना सारखा असे उत्तर मिळाले. जगाने आजवर मला बऱ्याच टोप्या घातल्या, परंतु ही मी स्वतः विकत घेऊन स्वतःच्या हाताने घातली. ती रबरी असल्याने काढताना भुवयाही सोबत वर जातात.

हे सारे मी सोसतो, आणि खरे सांगायचे तर मला ते आवडूही लागले आहे. चौतीस वर्षे ज्याच्या सहीशिवाय कागद हलत नसे अशा माणसाला, आपल्याला एखादी गोष्ट अजिबात येत नाही आणि त्यामुळे कोणाचे काहीही अडत नाही, या अवस्थेत किती मोकळे वाटते हे सांगून पटणार नाही. वाईट पोहण्याचा मला हक्क आहे. नाकात पाणी गेले तर ते माझे नाक आहे. शिंगे मोडून वासरांत शिरलो असे कोणी म्हटले तरी चालेल. निदान वासरे माझ्याकडे ढुंकून पाहत नाहीत.

तर आज मी कठड्याला धरून खोकत असताना ते गृहस्थ उठून उभे राहिले. “मंडळी, एक मिनिट!” ते ओरडले. फ्रीस्टाइलच्या फेऱ्या मारणारे चार तरुण थांबले. “आपल्या या आजोबांनी या वयात आज सात मीटर पार केले आहेत. होऊन जाऊ द्या!” आणि झाल्या. तरुणांनी ओल्या हातांनी वाजवल्या, बाकावर बसलेल्या आयांनी वाजवल्या, आणि ज्याच्या खांद्याला धरून मी वाचलो होतो तो मुलगाही परत फिरून टाळ्या वाजवू लागला.

सॉक्रेटिस उतारवयात मुलांबरोबर बसून तंतुवाद्य शिकत असे आणि ती मुले त्याला हसत, त्याच्या गुरूला म्हाताऱ्यांचा मास्तर म्हणत, असे प्लेटोने लिहून ठेवले आहे. मला त्या सॉक्रेटिसाचा हेवा वाटतो. त्याला निदान हसले तरी. जो चुकला त्याला हसतात, म्हणजे त्याने बरोबर करायला हवे होते अशी काही अपेक्षा असते. पोर पहिले पाऊल टाकते तेव्हाही आपण टाळ्या वाजवतो, पण त्यांत उद्या पळशील असा भरवसा असतो. आजच्या टाळ्यांत उद्याचा आठवा मीटर कोणी धरलेला नव्हता. असा आवाज मी एकदा ऐकलेला आहे, नोकरीच्या शेवटच्या दिवशी, हातात पुष्पगुच्छ असताना.

कपडे बदलून बाहेर पडताना ते फाटकापाशी उभेच होते. टॉवेलची घडी मोडलेली नव्हती. “उद्या किती वाजता?” त्यांनी विचारले. उद्या सहालाच उरकून घ्यावे असे मनाशी ठरवून मी म्हणालो, “सातला.”

“उत्तम,” ते म्हणाले. “सहाला ते दुसरे आजोबा येतात. त्यांचं आटोपलं की मी तुमच्याचकडे.”