लाल माती म्हणून वाइन लाल होत नाही

परवा रात्री कणकवलीहून काकांचा फोन आला. "काजीची पन्नास कलमां काढूक सांगलंय. द्राक्षां लावतलंय." कारण विचारलं तर तोच व्हॉट्सॲपवरचा मेसेज. कोकणची लाल माती रेड वाइनसाठीच घडली आहे, मातीतलं लोह द्राक्षात उतरतं म्हणून वाइन लाल होते, ती प्यायल्याने रक्त वाढतं, फ्रान्सचं बोर्डोही समुद्राकाठीच आहे, तेव्हा काजू तोडा.

रंग द्राक्षाच्या सालीत असतो. बहुतेक काळ्या द्राक्षांचा रस जवळपास बिनरंगी निघतो. सालीसकट आंबवला की रंग आणि तुरटपणा उतरतो, लगेच गाळून घेतला तर त्याच पिनो न्वार द्राक्षाची पांढरी शॅम्पेन होते. रक्त वाढण्याचं तर सोडूनच द्या, रेड वाइनमधली टॅनिनं, म्हणजे तुरट द्रव्यं, उलट जेवणातल्या लोहाचं शोषण कमी करतात.

एक गोष्ट मान्य करतो. ऑस्ट्रेलियात कूनावाराची लाल माती कॅबर्ने सोव्हिन्यॉं या काळ्या द्राक्षासाठी खरंच नावाजलेली आहे. पण तिच्याखाली चुनखडी आहे. आपल्या जांभ्या दगडाच्या मातीतला चुना पावसाने कधीच धुऊन नेला, माती आम्लधर्मी झाली.

आता ज्याच्यापायी काकांची नवी द्राक्षबाग वाया जाणार आहे, ते हवामान. बोर्डोतच संशोधक व्हॅन लीउवेन आणि सहकाऱ्यांनी १९९६ ते २००० अशी पाच वर्षं तीन जातींची द्राक्षं खडीच्या, चिकण आणि वाळूच्या जमिनीत तपासली. २००४ साली छापलेला निष्कर्ष असा की हवामान आणि जमिनीचा परिणाम जातीपेक्षा मोठा, आणि तो बहुधा वेलीला किती पाणी मिळतं यातून होतो. पाण्याचा थोडा ताण बसला की मणी लहान राहतो, साल-रसाचं प्रमाण वाढतं, रंग गडद होतो. बोर्डोत वर्षभरात मिळून साधारण ९०० मिलिमीटर पाऊस. रत्नागिरीत चार महिन्यांतच तीन हजारांच्या वर! बोर्डोत थंडीत वेल पानं गाळून झोपते, आपल्याकडे झोपणार कधी?

नाशिकला जमतं ना, असं काका म्हणाले. काका, नाशिक सह्याद्रीच्या पलीकडे, सहाशे मीटर उंचीवर आहे. एप्रिलमध्ये नवी काडी वाढवायला खरड छाटणी, ऑक्टोबरमध्ये घड धरायला फळछाटणी, म्हणजे माल कोरड्या थंडीत पिकतो. निफाडला जानेवारीत पारा कधी पाचच्याही खाली जातो. आपल्याकडे जानेवारीची रात्रही १८-१९ अंशांची. रात्र उबदार राहिली की मण्यातलं आम्ल जळतं, सालीत रंग भरत नाही, वाइन चवीला सपक होते. आणि एप्रिलच्या छाटणीनंतर काडीत पुढचा घड तयार व्हायला ऊन लागतं, तेव्हाच आपल्याकडे आभाळ भरून येतं. वर केवडा आणि करपा हे बुरशीचे रोग. किती फवारण्या कराल?

काजूची ती कलमं वेंगुर्ला-४ ची आहेत, भर उत्पन्नातली. सोमवारी येणाऱ्या माणसांना आजच फोन करून नको म्हणून सांगा.