‘तुम्ही व्हा पुढे’ हे वाक्य कानावर आलं की समजायचं, राइड फसली

परवा एका ओळखीच्या मुलाचा मेसेज आला. "दादा, आम्ही फोल्डिंग सायकलवाले दहा-बारा जण जमलोय. दर महिन्याला एक ग्रुप राइड करायचं चाललंय. पहिली किती किलोमीटरची ठेवू?" त्याला उत्तर लिहायला बसलो आणि ते इतकं वाढत गेलं की म्हटलं, इथेच टाकावं. हा प्रश्न मला आजवर बऱ्याच जणांनी विचारलाय आणि प्रत्येकाने सुरुवात किलोमीटरपासूनच केली आहे. माझं मत असं की किलोमीटर हा सगळ्यात शेवटी ठरवायचा आकडा आहे. आधी हे ठरवा, की जो सगळ्यात मागे असेल त्याचं काय होणार आहे.

हे मी आयोजक होण्याआधीच्या एका राइडमध्ये शिकलो. आमच्यात साठीच्या एक काकू होत्या. नवीकोरी सोळा इंची सायकल, तीन गिअर, आणि ग्रुपबरोबरची त्यांची पहिलीच राइड. पहिल्याच चढाला त्या मागे पडल्या. पुढच्या चौकात सगळे थांबले होते. काकू पोचल्या, त्यांचा एक पाय जमिनीला लागला, आणि पुढून आवाज आला, "चला, आल्या सगळ्या!" घोळका निघाला. म्हणजे ज्यांना विश्रांतीची गरज नव्हती त्यांना पाच मिनिटं मिळाली आणि जिला होती तिला एक घोट पाणीही नाही. असं तीनदा झालं. चौथ्या वेळी काकू हसून म्हणाल्या, "तुम्ही व्हा पुढे. माझ्यामुळे थांबू नका, मी येते माझी माझी." सगळे गेले. मीही गेलो. काकू परत कुठल्या राइडला दिसल्या नाहीत. ते मला आजही खटकतं.

तेव्हापासून माझा पहिला नियम हाच आहे: शेवटचा माणूस पोचला की तिथून थांब्याचं घड्याळ सुरू होतं. तो पाणी प्यायला, घाम पुसला, आणि तो स्वतः "चला" म्हणाला की निघायचं. हे लिहायला सोपं आहे. पुढची चार तगडी पोरं पाय आपटत उभी असतात तेव्हा पाळायला अवघड जातं. पाळाच.

सगळ्यात मागे एक पक्का माणूस हवा. आम्ही त्याला स्वीप म्हणतो. ग्रुपमधला सगळ्यात अनुभवी आणि शांत डोक्याचा माणूस स्वीपला ठेवा, पुढे नको. पुढच्याला, म्हणजे लीडला, फक्त रस्ता माहीत असावा लागतो. मागच्याला पंक्चर काढता यावं लागतं, दमलेल्या माणसाशी त्याला संकोच वाटणार नाही असं बोलता यावं लागतं, आणि ताशी दहाच्या वेगाने जीव न वैतागता चालवता यावं लागतं. वळणांवर आम्ही साधी पद्धत वापरतो. प्रत्येक वळणाला लीडच्या मागचा पहिला माणूस तिथेच उभा राहतो, सगळ्यांना हात करून वळवतो आणि स्वीप आला की त्याच्या पुढे सामील होतो. पुढच्या वळणाला दुसरा उभा राहतो. यात दोन गोष्टी साधतात. कोणी रस्ता चुकत नाही, आणि पुढे पुढे करणारी मंडळी आपोआप मागे येऊन मागच्यांशी बोलू लागतात. ही दुसरी गोष्ट मला पहिलीपेक्षा महत्त्वाची वाटते. माणसं दहा-बाराच्या वर गेली तर मात्र दोन तुकड्या करा, दोन्हींना वेगळा लीड आणि वेगळा स्वीप. पण तुकड्या ‘फास्ट’ आणि ‘स्लो’ अशा करू नका. एकदा का कुणाला स्लो ग्रुपमध्ये घातलं की तो माणूस मनातून त्या ग्रुपबाहेर गेलाच.

आता वेगाचं. छोटं चाक म्हणजे हळू सायकल, हा गैरसमज खुद्द फोल्डिंगवाल्यांमध्येही आहे. ३४९ मिलिमीटर रिमचं सोळा इंची चाक एका फेऱ्यात साधारण १.३ मीटर जातं, रोड बाइकचं मोठं चाक साधारण २.१ मीटर. पण ही तूट पुढची मोठी आणि मागची छोटी दातेरी चकती भरून काढते. पाय मोठ्या सायकलीइतकेच फिरतात. आपल्या ग्रुपमध्ये वेगाचा फरक पडतो तो गिअरमुळे. एकाकडे सिंगल स्पीड, दुसऱ्याकडे तीन, तिसऱ्याकडे नऊ. सपाट रस्त्यावर तिघं गप्पा मारत जातात. जरा चढ लागला की सिंगल स्पीडवाला उतरून ढकलतोय आणि नऊवाला वर जाऊन फोटो काढतोय. म्हणून रस्ता ठरवताना किलोमीटर मोजण्याआधी चढ मोजा. आणि तो रस्ता आधी स्वतः चालवून बघा, जमलं तर ग्रुपमधली सगळ्यात कमी गिअरची सायकल मागून घेऊन. मोबाइलच्या नकाशावर सपाट दिसणारा उड्डाणपूल मांड्यांना सपाट लागत नाही.

आता घडी. मला सगळ्यात जास्त बोलायचंय ते याच्यावर. आपली सायकल घडी होते, ही एकच गोष्ट तिला वेगळी करते, आणि बहुतेक ग्रुप राइड नेमकी हीच गोष्ट वापरत नाहीत. जिथून निघाले तिथेच गोल फिरून परत येतात. अरे, मग फोल्डिंग कशाला हवी? आपली राइड एकमार्गी असू शकते. वाऱ्याला पाठ देऊन निघायचं, वीस किलोमीटर जायचं, शेवट रेल्वे स्टेशनपाशी करायचा, सायकली घड्या करून गाडीत बसायचं. सामानाचे नियम जागोजागी वेगळे असतात, ते आयोजकाने आधी बघून ठेवायचे आणि गर्दीची वेळ टाळायची, एवढंच.

त्याहून मोठा फायदा मधल्या रस्त्यात आहे. मी मार्ग आखताना दर पाच-सहा किलोमीटरला एखादं स्टेशन, बसथांबा किंवा टॅक्सी मिळेल अशी जागा येईल असं बघतो. निघायच्या आधी हे सगळ्यांना मोठ्याने सांगतो: इथून, इथून आणि इथून घरी जाता येतं, ज्याला वाटेल त्याने जावं, कारण विचारणार नाही. हे सांगितल्यावर लोकांचे चेहरे सैल होतात, मी बघितलेत. गुडघा दुखला, घरून फोन आला, ऊन जास्त झालं, की अर्ध्या मिनिटात घडी घालायची, हात करायचा आणि जायचं. मोठ्या सायकलवाल्याला अर्ध्या रस्त्यात सोडायचं म्हटलं तर आलेलं सगळं अंतर उलट चालवावं लागतं, म्हणून तो ओढत राहतो. आपल्याला ती सक्ती नाही. निघून जाणं आणि मागे सुटणं यात फार फरक आहे. निघून गेलेला माणूस पुढच्या महिन्यात परत येतो.

आणि मधल्या थांब्यावर सगळ्यांनी एकदा घडी घालावी, असा माझा आग्रह असतो. गरज नसली तरी. नवख्याला तिथे बोलायला विषय मिळतो, कारण प्रत्येक ब्रँडची घडी वेगळी. ब्रॉम्प्टनचं मागचं चाक पोटाखाली जातं आणि ती स्वतःच्या पायावर उभी राहते. डाहॉन कंबरेत मोडते. स्ट्रायडा मिटली की नुसती चाकं लावलेली काठी. बर्डीच्या तर मुख्य फ्रेमला बिजागरीच नाही, दोन्ही चाकं सस्पेन्शनच्या सांध्यांवरून आत वळतात. एकाच अडचणीची चार माणसांनी शोधलेली चार उत्तरं समोर ओळीने ठेवलेली असतात. मग कोणीतरी सांगतं, की अँड्र्यू रिची या इंजिनिअरने सत्तरच्या दशकात बिकरटनची घडीची सायकल बघितली, याहून चांगली करता येईल असं त्याला वाटलं, आणि लंडनमधल्या त्याच्या खोलीच्या खिडकीतून दिसणाऱ्या चर्चचं नाव त्याने आपल्या सायकलीला दिलं, ब्रॉम्प्टन. डाहॉनचे डेव्हिड हॉन मुळात लेझरवर काम करणारे शास्त्रज्ञ, कंपनी निघाली १९८२ साली. स्ट्रायडा हा मार्क सँडर्सचा विद्यार्थी असतानाचा प्रोजेक्ट. तिकडे मागे एखादा लाजरा माणूस आपली बिननावाची सायकल घडी करत असतो आणि तिच्याभोवती चार जण जमतात, "हा खटका कसा बसतो? दाखवा ना परत." तो माणूस पुढचे दहा किलोमीटर बोलत येतो.

म्हणूनच ‘फक्त अमक्याच ब्रँडसाठी’ असे ग्रुप मला पटत नाहीत. ब्रँडवाल्यांचे सोहळे जरूर असावेत. ब्रॉम्प्टनची जागतिक स्पर्धा २००६ साली बार्सिलोनात सुरू झाली. त्यात माणसं कोट-टाय घालून घडी केलेल्या सायकलीकडे धावत जातात, ती उघडतात आणि सुटतात. बघायला फार सुंदर वाटतं. पण महिन्याच्या साध्या राइडला दारावर ब्रँड विचारणं म्हणजे ज्याने जुनी, स्वस्त, दुसऱ्याची वापरलेली सायकल घेऊन यायचं धाडस केलंय त्याला परत पाठवणं. माझ्या मते, घडी होते ना, मग या. बॅटरीची असेल तरी या, फक्त लीडच्या पुढे जाऊ नका.

हां, घडी उघडण्याची शर्यत मात्र राइडच्या सुरुवातीला लावू नका. घाईत क्लॅम्प अर्धवट बसतो. आम्ही निघण्याआधी मिनिटभर सगळे मिळून तपासतो: फ्रेमची बिजागरी, हँडलच्या दांड्याचा खटका, सीट पोस्ट. मग पुढचा ब्रेक दाबून सायकल मागेपुढे हलवायची. कुठे खट् वाजलं तर तिथेच थांबायचं.

छोट्या चाकांचं आणखी एक सांगतो, कारण हे मोठ्या सायकलींच्या ग्रुपमधून आलेल्यांना माहीत नसतं. खड्डा दिसला की ते एक हात सोडून बोट दाखवतात. छोट्या चाकाचं हँडल चपळ असतं, एक हात सुटला आणि त्याच क्षणी चाक खडबडीवर गेलं तर तोल जातो. शिवाय मोठं चाक ज्या खड्ड्यावरून निघून जातं त्यात सोळा इंची चाक उतरतं. म्हणून आमच्याकडे तोंडाने सांगतात. "खड्डा डावीकडे!" पुढून आलं की प्रत्येकाने मागे पोचवायचं. दोन सायकलींत निदान दोन सायकलींएवढं अंतर. लांब उतारावर रिम ब्रेक सतत दाबून ठेवायचे नाहीत, रिम लहान असते, लवकर तापते. दाबायचं, सोडायचं, परत दाबायचं.

आणि पंक्चर. ‘सोळा इंची ट्यूब आण’ एवढं सांगून भागत नाही. सोळा इंचीत रिमची ३०५ आणि ३४९ मिलिमीटर अशी दोन मापं सर्रास भेटतात, वीस इंचीत ४०६ आणि ४५१. टायरच्या कडेला बारीक अक्षरात आकडा असतो. नाव नोंदवतानाच प्रत्येकाकडून तो मागवून घ्या आणि ज्याची ट्यूब त्याने आणायची हे ठरवून टाका. मागच्या चाकाला नट असतील तर त्या मापाचा पानाही हवा. एकदा आमच्यात एकाचं मागचं चाक बसलं, हब गिअरची, म्हणजे गिअर चाकाच्या मधोमध असलेली सायकल, अक्षाला पंधरा मिलिमीटरचे नट, आणि अकरा जणांत पंधराचा पाना एकाकडेही नाही. सगळे एकमेकांकडे बघत उभे. तेवढ्यात आमच्या एका जुन्या सभासदाने सायकल उलटी केली, चाक जागेवरच ठेवून टायरची एकच कड लिव्हरने उतरवली आणि ट्यूब बाहेर ओढली. थोडी हवा भरून ती गालाजवळून हळूहळू फिरवली. एका जागी थांबला. मग टायरच्या आतून बोट फिरवत गेला, अगदी सावकाश, आणि तांदळाच्या कणीएवढी काच काढून तळहातावर ठेवली. ट्यूब घासली, सोल्युशन लावलं, ते सुकेपर्यंत गप्प बसून राहिला. पॅच, हवा, चला. पंचवीस मिनिटं गेली. त्या पंचवीस मिनिटांत अकरातला एकही पुढे गेला नाही. त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं, की आता हा ग्रुप झाला.

तर त्या मुलाला शेवटी मी असं कळवलं: वीस किलोमीटर ठेव, तेही एकमार्गी. चालत्या सायकलीचा वेग चौदा-पंधराच्या आसपास, मध्ये तीन थांबे, एकूण तीन तास धर. पहिला थांबा पाच किलोमीटरच्या आत घे, कारण सीटची उंची चुकलेली, पट्टा लोंबणारा, हवा कमी असलेला असे सगळे तिथेच सापडतात. पाऊस असेल तर आदल्या रात्रीच रद्द कर आणि सगळ्यांना फोनवर सांग, मेसेज सगळे वाचत नाहीत. त्याचं लगेच उत्तर आलं, "दादा, लीड मी करतो, पण स्वीपला कोणीच तयार नाही."

रविवारी सकाळी साडेसहाला मी जातोय. पंधराचा पाना आणि दोन ट्यूब, ३०५ ची एक आणि ३४९ ची एक, पिशवीत भरून ठेवल्या आहेत.