शाळेतलं तंत्रज्ञान आणि नागपूरचा कूलर

शाळा उघडायच्या तोंडावर नागपूरच्या पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांत एक मजकूर पुन्हा फिरतोय. शाळेत तंत्रज्ञान हा विषय नकोच, असं त्याचं म्हणणं. कारणं थोडक्यात अशी: मोबाईल मुलांना न शिकवताच येतो, कोड आता एआय लिहितं, तंत्रज्ञानाचे तास गणित-विज्ञानाचा वेळ खातात, हे खूळ बाहेरून आलंय आणि शाळांतल्या लॅब कुलपात पडून आहेत. यातला शेवटचा मुद्दा बराचसा खरा आहे. बाकीचे तपासून पाहू.

"मोबाईल पोरांना आपोआप येतो." येतो ना. कूलरचं बटणही घरात सगळ्यांना दाबता येतं. तरी विदर्भात दर उन्हाळ्यात कूलरचा शॉक लागून माणसं जातात. लोखंडी पत्र्याची बॉडी, टाकीत पाणी, पंपाच्या वायंडिंगचं (तारेच्या गुंडाळीचं) इन्सुलेशन गेलेलं आणि प्लग जुन्या सॉकेटात बसेना म्हणून वरची जाड, अर्थिंगची पिन काढून टाकलेली. मग करंटला जमिनीत जायला वाट उरते ती ओल्या हाताची. एमसीबी, म्हणजे करंट जास्त झाला की पडणारा स्विच, इथे वाचवत नाही. ६ अँपिअरचा एमसीबी पडायला ६ अँपिअरहून जास्त करंट लागतो, आणि माणसाचं हृदय त्याच्या शंभराव्या भागानेही बंद पडू शकतं. त्यासाठी ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळू लागताच पुरवठा तोडणारा स्विच लागतो.

आठवीच्या वर्गात हे मल्टिमीटरवर, म्हणजे वीज मोजायच्या छोट्या मीटरवर दाखवता येतं. प्लग सॉकेटातून काढलेला, कूलर कोरडा, मीटर बझरवर. एक प्रोब (मीटरच्या तारेचं टोक) प्लगच्या जाड पिनेला, दुसरा बॉडीच्या स्क्रूला. आवाज आलाच पाहिजे. नाही आला तर अर्थिंगची वायर तुटली आहे, नाहीतर प्रोब नुसता रंगावर टेकलाय. स्क्रू खरवडून पुन्हा बघायचं. मग जाड पिनेवरचा प्रोब उरलेल्या दोन पिनांना एकेक करून लावायचा. आता आवाज येता कामा नये. पण तेवढ्यावर कूलर सुरक्षित ठरत नाही, हेही त्याच तासाला सांगायचं. ओलसर वायंडिंगची बारीक गळती मल्टिमीटरला दिसत नाही, तिला मेगर (इन्सुलेशन तपासायचं मीटर) लागतो. आणि सॉकेटात खरोखर अर्थिंग आहे का, हे वायरमनकडूनच बघून घ्यायचं. हातातलं साधन काय सांगतं आणि काय सांगत नाही, हे मुलाला कळावं म्हणून हा विषय शाळेत हवा.

"गणित-विज्ञानाचे तास जातात." दोन साधे तापमापक घ्या. आधी दोन्ही कोरडे शेजारी ठेवून त्यांच्यात मुळातच किती फरक आहे तो लिहून ठेवा. मग एकाच्या खालच्या टोकाच्या फुग्यावर मलमलची पट्टी गुंडाळून तिचं टोक पाण्याच्या वाटीत सोडा, फुगा मात्र पाण्याच्या वर राहू द्या. पंख्याचा वारा द्या, पाच मिनिटं थांबा. एप्रिलमध्ये हवा ४० अंश आणि आर्द्रता २० टक्के असेल तर ओला तापमापक २३ अंशांच्या आसपास थांबतो. जुलैत हवा ३२ अंश आणि आर्द्रता ८० टक्के असेल तर तो २९ च्या जवळपासच अडतो. वाळ्याच्या ताट्यांचा कूलर उन्हाळ्यात घर का गार करतो आणि पावसाळ्यात तोच कूलर नुसता चिकचिकाट का करतो, ते या १७ आणि ३ अंशांच्या फरकात आहे. बाष्पीभवनाचा धडा याहून चांगला कुठे शिकवून होणार?

"कोड एआय लिहितं." लिहितं, आणि बहुतेकदा बरा लिहितं. काटोलच्या संत्राबागेसाठी मातीचा ओलावा मोजायचा कोड मुलांनी तिथून आणला तर आर्डुइनोवर (छोट्या प्रोग्रॅम करता येणाऱ्या बोर्डावर) तो पहिल्याच दिवशी चालेल. पण दोन टोकांचा स्वस्त प्रोब सतत करंटवर ठेवला की ओल्या मातीत विद्युत अपघटन होऊन त्याचा मुलामा झडतो आणि काही आठवड्यांत आकडे भरकटतात. कोड जसाच्या तसा, उत्तर मात्र खोटं. उपाय साधा आहे: प्रोबला ५ व्होल्टच्या पिनेऐवजी डिजिटल पिनेवरून, फक्त मोजण्यापुरता पुरवठा द्यायचा. दुसरी अडचण आपल्या काळ्या मातीची. ती वाळली की भेगाळते, प्रोब भेगेत लोंबकळतो आणि शेजारची माती ओली असतानाही 'कोरडी' दाखवतो. तिसरी, छोटा पंप सुरू होताच बोर्ड रीसेट होतो, कारण मोटर सुरू होताना ओढते त्या करंटने बोर्डाचा व्होल्टेज खाली येतो. पंपाला वेगळा पुरवठा द्यावा आणि दोन्हींचे ग्राउंड (ऋण टोकं) जोडावेत. यातलं काहीही कोडकडे बघून कळत नाही, आणि एआयला नेमकं काय विचारायचं हेही प्रोब उपटून पाहिल्याशिवाय सुचत नाही.

"बाहेरून आलेलं खूळ." हातकामातून शिक्षण हा विचार ऑक्टोबर १९३७ च्या शिक्षण परिषदेत वर्ध्याला मांडला गेला, इथून पाऊणशे किलोमीटरवर. टकळीवर सूत कातता कातता मुलं हिशेब शिकायची. पुणे जिल्ह्यातल्या पाबळच्या विज्ञान आश्रमानेही १९८३ पासून तोच धागा पुढे नेला आहे.

आता कुलपाबद्दल. अटल टिंकरिंग लॅबला, म्हणजे केंद्र सरकारच्या योजनेतल्या शाळेच्या प्रयोगशाळेला, २० लाखांपर्यंत अनुदान असतं: १० लाख उभारणीला, १० लाख पुढच्या पाच वर्षांच्या खर्चाला. तरी कुलूप लागतं, कारण वेळापत्रकात या विषयाला तास नसतो आणि थ्रीडी प्रिंटर हीच शोभेची वस्तू होऊन बसते. पावसाळ्यात उघडं राहिलेलं फिलामेंट (प्रिंटरची प्लास्टिकची तार) दमट होतं, तडतडतं, ०.४ मिलिमीटरचा नोझल तुंबतो आणि वर्षभर झाकण पडतं. रीळ सिलिका जेलसकट हवाबंद डब्यात ठेवलं तर हे बरंचसं टळतं. पण चाळीस मुलांच्या वर्गात एका प्रिंटरपाशी एकच मूल बसतं. आधी चार मुलांमागे एक मल्टिमीटर, एक ब्रेडबोर्ड (सुटे भाग खोचून सर्किट जोडायची पाटी), मूठभर २२० ओहमचे रेझिस्टर आणि एलईडी घ्यावेत, एलईडी जळणार हे गृहीत धरून दुप्पट. आठवड्यातून एक जोडतास द्यावा. सुट्या तासात सामान मांडून आवरेपर्यंतच घंटा होते. आणि लॅबची किल्ली मुख्याध्यापकांच्या कपाटात न राहता शिकवणाऱ्या शिक्षकाकडे असावी.