गणितात बी.एस्सी. व्हा, गणिताला हात न लावता

सीईटीनं हात दिला नाही, इंजिनिअरिंगची फी घरच्यांना झेपेना, आणि बारावीला गणितात मार्क तर बरे होते. म्हणून तुम्ही सांगलीत बी.एस्सी.ला गणित घेतलंत. उत्तम केलंत. आता डोक्याला फार त्रास न होता डिग्री हातात यावी, एवढंच बघायचं आहे आणि ते अवघड नाही.

पहिलं पथ्य: अभ्यासक्रमाला लावलेलं पुस्तक विकत घेऊ नका. त्यात सिद्धतेच्या मधल्या दोन पायऱ्या 'हे उघडच आहे' म्हणून गाळलेल्या असतात आणि त्या भरायला बसलं की संध्याकाळ गेली म्हणून समजा. त्यापेक्षा कॉलेजच्या गेटसमोरच्या झेरॉक्सवाल्याकडे सिनिअरच्या नोट्स मिळतात. त्या पाचव्या पिढीच्या असतात, म्हणजे झेरॉक्सच्या झेरॉक्सची झेरॉक्स. 'लहान किंवा समान'च्या खालची रेघ उडालेली असते आणि चौकोनी कंस घासून घासून गोल झालेला असतो. 'क्लोज्ड इंटरव्हलवरचं कंटिन्युअस फंक्शन बाउंडेड असतं' हे प्रमेय अशानं ओपन इंटरव्हलचं होऊन बसतं. शून्य आणि एकच्या मध्ये एक भागिले एक्स घेतलं तर ते शून्याजवळ आभाळाला भिडतं आणि प्रमेय तिथंच कोसळतं. पण तुम्ही एक भागिले एक्स घेऊच नका. उदाहरण घेतलं की प्रमेयाला तडा जातो, हे तीन वर्षं लक्षात ठेवा.

मग येतो एप्सिलॉन-डेल्टा, म्हणजे कंटिन्युइटीची व्याख्या. ती आरतीसारखी पाठ करा, चाल लावली तर अधिक चांगलं. 'प्रत्येक एप्सिलॉनसाठी एक डेल्टा असा मिळतो की...' यात कोण आधी येतं आणि कोण नंतर, याकडे लक्ष देऊ नका. नाहीतर भलतेच घोळ सुरू होतात. 'सांगली डेपोच्या प्रत्येक एस.टी.ला एक ड्रायव्हर आहे' आणि 'एक ड्रायव्हर असा आहे जो डेपोची प्रत्येक एस.टी. चालवतो' या दोन वाक्यांत जो फरक आहे, तोच साध्या आणि युनिफॉर्म कंटिन्युइटीत आहे. एक्स वर्ग घ्या आणि एप्सिलॉन 1 ठेवा. एक्स 10 असताना डेल्टा 0.05 च्या जरा आत मिळतो, एक्स 1000 असताना 0.0005 च्या आत जावं लागतं. पुढं जाल तसा तो आणखी बारीक होतो, सगळ्यांना पुरेल असा एक डेल्टा सापडतच नाही. म्हणून एक्स वर्ग सगळ्या रिअल लाइनवर युनिफॉर्मली कंटिन्युअस नाही. हे दोन आकडे कॅल्क्युलेटरवर काढायला पाच मिनिटं लागतात. ती पाच मिनिटं वाचवा आणि पेपरात दोन्ही व्याख्यांना एकच मजकूर लिहा, शब्द तर तेच असतात.

सिद्धता नेहमी आखूड निवडा. केली-हॅमिल्टनचं प्रमेय म्हणतं, 'ए वजा लॅम्डा'च्या डिटर्मिनंटमधून येणाऱ्या समीकरणात लॅम्डाच्या जागी मॅट्रिक्स ए स्वतःच घातली तरी शून्य येतं. त्याची एक ओळीची सिद्धता हॉस्टेलवर पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे: लॅम्डाच्या जागी ए घाला, ए वजा ए शून्य, शून्याचा डिटर्मिनंट शून्य, झालं. डाव्या बाजूला मॅट्रिक्स यायला हवी होती आणि उजवीकडे एक साधी संख्या आली, असल्या किरकोळ गोष्टी मनाला लावून घेऊ नयेत. कुणी चिकित्सक मित्र म्हणेल, 'हीच युक्ती डिटर्मिनंट काढून ट्रेसवर, म्हणजे कर्णावरच्या संख्यांच्या बेरजेवर, करून बघ की.' त्याचं ऐकू नका. कर्णावर 1 आणि 2 असलेली दोन बाय दोनची मॅट्रिक्स घेतली, तर 'ट्रेस वजा दोन लॅम्डा'मध्ये लॅम्डाच्या जागी ए घातल्यावर कर्णावर 1 आणि उणे 1 उरतात. शून्य काही येत नाही. युक्ती खोटी ठरते, आणि परीक्षेच्या आदल्या रात्री नवी सिद्धता शोधायची कुठं?

ग्रुप थिअरीत लॅग्रांजचं प्रमेय आलं, म्हणजे सबग्रुपच्या घटकसंख्येनं ग्रुपच्या घटकसंख्येला भाग जातो हे, की ते उलटंही खरं मानून मोकळे व्हा. 12 ला 6 नं भाग जातो, म्हणजे ए-फोरमध्ये, म्हणजे चार वस्तूंच्या सम अदलाबदलींच्या बारा घटकांच्या ग्रुपमध्ये, सहा घटकांचा सबग्रुप असणारच. नसतो. तसा सबग्रुप अर्ध्या ग्रुपएवढा झाला असता आणि त्यात प्रत्येक घटकाचा वर्ग आला असता. प्रत्येक थ्री-सायकल, म्हणजे तीन वस्तू गोल फिरवणारी अदलाबदल, कुणाचा तरी वर्ग असते आणि त्या आहेत आठ. सहा जागांत आठ जण. असो, हा प्रश्न ऑप्शनला टाका.

प्रॅक्टिकलच्या जर्नलला मात्र जीव लावा, कारण बाहेरून येणारे परीक्षक आधी जर्नलचं वजन बघतात. न्यूटन-रॅफसननं 2 चं वर्गमूळ 1 पासून काढलं की ओळीनं 1.5, 1.4167, 1.4142 येतात. कधीकाळी एका जर्नलमध्ये 1.4167 चं 1.4617 झालं की ते अख्ख्या बॅचमध्ये पसरतं आणि त्याखाली सगळ्यांचं 1.4142 तसंच डौलात उभं असतं. खरं तर 1.4617 वरून पुढची ओळ 1.4150 यायला हवी. पण करून बघणारा एकही नसल्यानं कुणाचे मार्क जात नाहीत. एक्स बरोबर कॉस एक्स सोडवताना कॅल्क्युलेटर डिग्रीवरच राहू द्या. उत्तर 0.9998 येईल. खरं 0.7391 आहे, ते रेडियनमध्ये. चार दशांश स्थळं दिसली की कुणी पुढं विचारत नाही.

नातेवाइकांचं काय? लग्नात मामा पंगतीत गाठतील. 'गणित घेतलंस म्हणं, पुढं काय रं?' 'एम.पी.एस.सी. करतोय, मामा.' एवढ्यावर विषय मिटतो. 'मग सतरा साते सांग बघू' असं म्हणाले तर पुढची बुंदी वाढायला उठा, कारण तीन वर्षांत पाढे कुठल्याच पेपरला नव्हते.

एखाद्याला आयआयटीत एम.एस्सी. करायची खुमखुमी असते. त्यानं तिथल्या प्रवेश परीक्षेची, म्हणजे जॅमची, जुनी प्रश्नपत्रिका उघडूच नये. तीन तास, 60 प्रश्न, 100 मार्क, आणि 'सिद्ध करा' एकाही ठिकाणी नाही. दहा प्रश्नांत चार विधानं देतात, त्यातली खरी असतील तेवढी सगळी ओळखायची. एक राहिलं तरी शून्य. आणि ती विधानं कसली? आपलीच पाठ केलेली प्रमेयं, कुठंतरी एक अट गुपचूप काढलेली. क्लोज्डचं ओपन केलेलं, सांतचं अनंत केलेलं. थोडक्यात, आपल्या झेरॉक्सवाल्याचं काम तिथं मुद्दाम केलेलं असतं. वीस प्रश्नांना तर पर्यायच नसतात, आलेला आकडा टाइप करायचा. तिथं पाठांतराची चाल लागत नाही.

त्यापेक्षा डिग्री घ्या, बी.एड. करा आणि विश्रामबागेत दहावीचे क्लास काढा. बोर्डावर 'गणितातील तज्ज्ञ' असं ठळक लिहून घ्या. पहिल्याच आठवड्यात एखादी पोरगी उठून विचारेल, 'सर, उणे गुणिले उणे अधिक का होतं?' दोन ओळींचं उत्तर आहे: उणे एकनं शून्याला गुणायचं, शून्य म्हणजे एक अधिक उणे एक असं लिहायचं आणि कंस सोडायचा. बाकीचं आपोआप येतं. रिंगच्या धड्यात ते अगदी सुरुवातीलाच होतं. पण तो धडा तुम्ही ऑप्शनला टाकला होता. तेव्हा तिला सांगा, 'बस खाली, बोर्डाला येत नाही ते.'