कण नसतील तर ढगही नाही

‘प्रदूषण वाढलं म्हणून नाशिकचा पाऊस घटला’ असं लेखात सरळ ठोकून दिलंय, ते काही पटलं नाही. हवेत कणच नसते तर ढगही झाला नसता. वाफेला थेंब धरायला काहीतरी आधार लागतो: समुद्राचं मीठ, धूळ, धूर.

गोची आहे ती कणांच्या संख्येत. पाणी तेवढंच आणि वाटेकरी वाढले, की प्रत्येक थेंब लहान राहतो. ढगातला थेंब साधारण 20 मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), पावसाचा 2 मिलिमीटरचा. म्हणजे तसे दहा लाख एकत्र आले तर हा एक. फार बारीक थेंब एकमेकांवर आदळतच नाहीत, हवेबरोबर वळसा घालून निसटतात. उथळ ढग मग न बरसता विरू शकतो. मिठाच्या मोठ्या कणांचं उलटं, त्यांच्यामुळे पाऊस लवकर सुरू होतो. वळवाच्या उंच ढगांचं काय, यावर शास्त्रज्ञांचंच अजून एकमत नाही. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेने 2009 पासून अनेक मोसमांत ढगांत विमानं घालून हेच मोजलंय.

आणि हो, पहिल्या सरीत नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीत गाडीच्या काचेवर मातकट ठिपके पडतात, ती बहुतेक ढगाखालची धूळ; थेंबाने येता येता उचललेली.

इगतपुरीत धो धो आणि सिन्नरला भुरभुर, हे तर कारखान्यांच्या आधीपासूनचं. ते सह्याद्रीचं काम. लेखकाने घाटमाथा नि पूर्वेकडचे तालुके वेगळे धरलेत का, तेवढं सांगावं.