शॉर्ट होता

शॉर्ट होता. हे पहिल्याच ओळीत सांगून टाकतो, म्हणजे पुढं वाचायचं की नाही ते ओहायोतल्या कोलंबस गावच्या मंडळींनी आत्ताच ठरवावं.

थँक्सगिव्हिंगनंतरचा शनिवार आला की आमच्या मराठी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दिवाळी अंक, पटेलकडचे आंबे, मुलांचे ढोल-ताशाचे क्लास असले सगळे विषय बंद पडतात आणि एकच चालू होतो: मिशिगन आणि ओहायो स्टेट या दोन युनिव्हर्सिटींची अमेरिकन फुटबॉलची मॅच. मिशिगनकडचे लिहितात 'शॉर्ट', म्हणजे रेघेच्या अलीकडंच राहिला, ओहायोकडचे लिहितात 'पोचला'. नुकतीच भारतातून आलेली पोरं विचारतात, काका, कोण शॉर्ट, कुठं पोचला? त्यांच्यासाठी जरा मागे जातो.

२६ नोव्हेंबर २०१६. मी राहतो अ‍ॅन आर्बरजवळ, लेक तेव्हा मिशिगन युनिव्हर्सिटीत दुसऱ्या वर्षाला. आमचे साडू कोलंबसला, ओहायो स्टेटवाल्यांच्या अगदी पोटात. थँक्सगिव्हिंगला आम्ही त्यांच्याकडे गेलो होतो. यूएस-२३ हा एकच रस्ता दोन्ही गावांना जोडतो आणि त्या आठवड्यात तेवढंच काय ते दोन गावांत जोडलेलं असतं. ओहायो स्टेटच्या कॅम्पसवर त्या दिवसांत पाट्यांवरच्या प्रत्येक 'एम' अक्षरावर लाल पट्टीनं फुली मारतात. मिशिगनचं नावच घ्यायचं नाही, 'वरची टीम' म्हणायचं. नवऱ्याचं नाव न घेणाऱ्या आमच्या आजीची आठवण येते.

हे वैर १८९७ पासूनचं. खरं तर त्याच्याही आधीचं. १८३५ मध्ये टोलेडोच्या पट्ट्यावरून या दोन मुलखांत मिलिशिया उतरवण्यापर्यंत वेळ आली होती, कारण सर्व्हे करणाऱ्यांनी हद्दीच्या दोन वेगवेगळ्या रेघा मारून ठेवलेल्या. रेघ कुठली खरी यावरून भांडण. आम्हा कोल्हापूरकरांना सीमाप्रश्न काही नव्यानं शिकवायला नको, त्यामुळं मला हे गाव पहिल्या दिवसापासून ओळखीचं वाटलं.

तर मॅच. दोन नंबरची ओहायो स्टेट आणि तीन नंबरची मिशिगन, मैदानात एक लाख दहा हजार माणूस. साडूंच्या बेसमेंटमध्ये आम्ही नऊजण, मधे मिसळीचं पातेलं. तिसऱ्या क्वार्टरला आम्ही १७-७ नं पुढं, आणि माझी लेक मावशीच्या घरात उभी राहून नाचत होती, जे तिनं करायला नको होतं. शेवटी एक सेकंद उरलेला असताना त्यांच्या किकरनं फील्ड गोल (खांबांमधून किक, तीन पॉइंट) मारून १७-१७ केलं. या दोन टीमच्या इतक्या वर्षांच्या इतिहासात पहिल्यांदाच ओव्हरटाइम. पहिल्या ओव्हरटाइममध्ये दोघांचा टचडाऊन (बॉल समोरच्यांच्या शेवटच्या पट्ट्यात, वरच्या किकसकट सात पॉइंट), २४-२४. दुसऱ्यात आम्हाला फक्त फील्ड गोल मिळाला, २७-२४. आता त्यांची पाळी.

ज्यांना हा खेळ म्हणजे हेल्मेट घालून केलेली झोंबाझोंबी वाटते त्यांच्यासाठी दोन ओळी. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढं जायचं, गेलात तर परत चार प्रयत्न. कॉलेजच्या ओव्हरटाइममध्ये बॉल टचडाऊनपासून पंचवीस यार्डांच्या रेघेवरून सुरू होतो, म्हणजे दहा यार्ड कापायचे तर पंधराच्या रेघेला पोचलं पाहिजे. तीन प्रयत्नांनंतर ओहायो स्टेट सोळावर होती. एक यार्ड बाकी. तीन फूट. फील्ड गोल मारून बरोबरी करता आली असती, पण त्यांचा कोच अर्बन मेयर म्हणाला, नाही, खेळायचं.

त्यांचा क्वार्टरबॅक (खेळी चालवणारा) जे. टी. बॅरेट बॉल छातीशी धरून डावीकडं घुसला. आमचा डेलानो हिल अंगावर आला. त्याच क्षणी बॅरेट स्वतःच्याच माणसाच्या पाठीवर आदळला आणि तिथंच अडकून कोसळला. रेफ्रीनं बॉल ठेवला पंधराच्या रेघेला चिकटून. फर्स्ट डाऊन, म्हणजे पोचला, परत चार प्रयत्न. व्हिडिओ बघितला, निर्णय कायम. पुढच्याच खेळीला कर्टिस सॅम्युअल पंधरा यार्ड पळत गेला आणि मॅच संपली. ३०-२७.

व्हिडिओ तपासणी चालू असताना साडूंनी टीव्ही 'पॉज' केला, पुढं गेले आणि स्क्रीनवर बोट ठेवलं. "हे बघा, बॉल इथं आहे." बोटाला मिसळीचा कट. मी उठून त्यांच्या बोटाच्या दोन सेंटीमीटर अलीकडं माझं बोट ठेवलं. "इथं आहे, साडूभाऊ." माझ्याही बोटाला कट. मेहुणीबाई वरून खाली आल्या तेव्हा पासष्ट इंची टीव्हीवर तेलाचे दोन लाल ठिपके आणि दोन पन्नाशीचे गृहस्थ एकमेकांकडं न बघता उभे. त्या एवढंच म्हणाल्या, "पुसणार कोण?"

त्यानंतर आमचा कोच जिम हार्बो पत्रकारांसमोर बसला आणि पंचगिरीवर 'बिटरली डिसअपॉइंटेड' असल्याचं सांगितलं. बिग टेननं, म्हणजे या दोन्ही टीम ज्यात खेळतात त्या संघटनेनं, युनिव्हर्सिटीला दहा हजार डॉलरचा दंड ठोकला. आमच्या लोकांनी त्या रात्री काय काय केलं म्हणून सांगू. कोणी फ्रेम-फ्रेम थांबवून लाल रेघा मारल्या, कोणी भूमितीची आकृती काढली, कोणी रेफ्रींची गावं कुठली ते खणत बसलं. पेनल्टीचा हिशेब तर प्रत्येकाला पाठ: आमच्यावर सात, ५९ यार्ड. त्यांच्यावर दोन, सहा यार्ड. मीसुद्धा हा आकडा लग्नाच्या पंगतीत लोकांना सांगितला आहे. मुलाकडचे होते, बिचारे ऐकून घेत होते.

आता जे लिहिणार आहे त्यावरून ग्रुपमधले माझेच लोक मला धुणार. मी ती क्लिप किती वेळा बघितली असेल याचा हिशेब नाही. माझ्या डोळ्याला तो प्रत्येक वेळी शॉर्टच दिसतो. पण कुठल्याही एका कॅमेऱ्यात बॉल, गुडघा आणि रेघ तिन्ही एकदम स्वच्छ दिसतंय असं मला छातीठोकपणे म्हणता येत नाही. आणि नियम काय सांगतो? मैदानावरचा निर्णय फिरवायचा तर व्हिडिओत निर्विवाद पुरावा पाहिजे. म्हणजे रेफ्रीनं बॉल वीतभर अलीकडं ठेवला असता तर तोही निर्णय कायमच राहिला असता, मॅच आम्ही जिंकलो असतो आणि साडूंनी दहा वर्षं क्लिप पाठवल्या असत्या. खरं काय होतं हे तिथं ठरलंच नाही. पहिल्यांदा कोणाचं पाऊल कुठं पडलं एवढंच ठरलं.

माझा राग त्या रेफ्रीवर नाही, या पद्धतीवर आहे. वीस-बावीस धिप्पाड माणसांचा ढीग पडलाय, बॉल सगळ्यात खाली. कडेनं एकजण धावत येतो, नजरेनं अंदाज घेतो, पाय रोवतो. तो पाय म्हणजे सत्य. आणि मग एरवी, जिथं रेघ हाताशी नसते तिथं, दहा यार्डांची साखळी आणून, दोन्ही टोकांना काठ्या ताणून, इंचाइंचानं मापतात आणि अख्खं स्टेडियम श्वास रोखून बघतं. आमच्याकडं भाजीवाली मूठभर कोथिंबीर डोळ्यानं अंदाजून देते आणि वर सोनाराच्या तराजूत तोलते असं कधी बघितलंय का? २०२५ मध्ये एनएफएल या व्यावसायिक लीगनं साखळीच्या जागी कॅमेऱ्यांनी मापायला सुरुवात केली. छान झालं. पण बॉल ठेवायचा कुठं, ते अजून माणूसच ठरवतो. तराजू बदलला, मूठ तीच.

दुसरी गोष्ट मिशिगनवाल्यांना आवडत नाही. त्या मॅचमध्ये आमच्या क्वार्टरबॅकनं दोन इंटरसेप्शन दिले, म्हणजे फेकलेला बॉल दोनदा त्यांनी पकडला. एक मलिक हूकरनं थेट टचडाऊनपर्यंत नेला. दुसरा आमच्याच तेराच्या रेघेजवळ त्यांच्या हातात पडला आणि त्याचाही टचडाऊन झाला. तिसऱ्या क्वार्टरला टचडाऊनच्या रेघेपासून एक यार्डावर असताना आमच्या हातून बॉल निसटला. त्यांचा किकर दोन सोप्या किक चुकला होता, म्हणजे सहा पॉइंट त्यांनी आम्हाला आयते दिले होते. एवढं सगळं घरात सांडून ठेवल्यावर आम्ही विचारतोय, रेफ्रीनं वाटी कुठं ठेवली! त्या निसटलेल्या बॉलची क्लिप मात्र ग्रुपवर कोणी टाकत नाही. मीही कधी टाकलेली नाही.

आणि हे फक्त आमचंच आहे असं कोलंबसवाल्यांनी समजू नये. १९७१ ला अ‍ॅन आर्बरमध्ये मिशिगन १०-७ नं जिंकली तेव्हा इंटरफिअरन्स (बॉल पकडणाऱ्याला अडवल्याची पेनल्टी) दिला नाही म्हणून त्यांचे दैवत, कोच वुडी हेज, थेट मैदानात घुसले आणि कडेची खुणेची काठी उपटून तिची मोडतोड केली. २०२३ ला रोमन विल्सननं टचडाऊनच्या पट्ट्यात पकडलेला बॉल त्यांच्या डेंझेल बर्कनं ओढून घेतला की नाही यावरून पुन्हा तेच. रिप्ले झाला, टचडाऊन कायम, आम्ही ३०-२४ नं जिंकलो. त्या दुपारी साडूंनी मला सात क्लिप पाठवल्या. लाल रेघा मारलेल्या. मी उत्तर दिलं, "निर्विवाद पुरावा नाही." हे वाक्य लिहिताना मला जो आनंद झाला तो सभ्य नव्हता.

मी लहानपणी शाहू स्टेडियमवर पेठेच्या मॅच बघायला जायचो, म्हणजे आपला पायानं खेळायचा फुटबॉल. कोल्हापूरच्या तालमींची मॅच ज्यानं बघितली नाही त्याला ओहायो-मिशिगन समजावून सांगायला तास लागतो, ज्यानं बघितली त्याला एक मिनिट. आमच्या पेठेची पोरं एका अंगाला, समोरची दुसऱ्या अंगाला. एका फायनलला आमचा गोल ऑफसाइड दिला. माझ्या शेजारी बसलेल्या थोरल्या चुलत्यांनी चप्पल काढली. मी विचारलं, "आबा, खरंच ऑफसाइड नव्हता?" आबा म्हणाले, "मला काय म्हाईत? मी बिडी पेटवत हुतो." आणि चप्पल भिरकावली.

हे गंमत म्हणून सांगत नाही. १९५१ साली प्रिन्स्टन आणि डार्टमथ यांच्यात अशीच घाणेरडी मॅच झाली होती. प्रिन्स्टनच्या डिक कॅझमायरचं, त्या वर्षीच्या देशातल्या सगळ्यात गाजलेल्या खेळाडूचं, नाक फुटलं. नंतर डार्टमथच्या एकाचा पाय मोडला. दोन्ही कॉलेजांची वर्तमानपत्रं एकमेकांवर तुटून पडली. मग अल्बर्ट हॅस्टॉर्फ आणि हॅडली कँट्रिल, एक डार्टमथचा आणि एक प्रिन्स्टनचा, या दोन मानसशास्त्रज्ञांनी दोन्हीकडच्या विद्यार्थ्यांना एकच फिल्म दाखवली आणि चुका मोजायला सांगितल्या. डार्टमथच्या टीमच्या चुका डार्टमथच्या पोरांना सरासरी ४.३ दिसल्या, प्रिन्स्टनच्या पोरांना ९.८. फिल्म तीच. पडदा तसलाच. यात सगळ्यात भारी गोष्ट म्हणजे ती फिल्म डार्टमथच्या एका माजी विद्यार्थ्याकडं दुसऱ्या गावी पाठवली होती. त्यानं बघितली आणि तार केली, की यातले महत्त्वाचे भाग कापलेले दिसतात, राहिलेला तुकडा विमानटपालानं पाठवा, जोडायचं सामान आमच्याकडं आहे. तो माणूस खोटं बोलत नव्हता. त्याला दिसलंच नव्हतं.

हे वाचलं तेव्हा मला आबांपेक्षा त्याची जास्त भीती वाटली. आबांना निदान ठाऊक होतं की आपण बघितलेलं नाही. मी चार कोनांतून, हळू गतीनं, मोठं करून बघितलंय.

म्हणून रेफ्रीचं गाव शोधून काढणं, त्याच्या घरच्यांना शिव्या लिहिणं हे जे चालतं त्याची मला किळस येते, मग ते अ‍ॅन आर्बरचे लोक करोत की कोलंबसचे. भांडा की. आठवडाभर भांडा. घरात भांडा, बेसमेंटमध्ये भांडा. ढिगाऱ्याखालचा बॉल न दिसता ज्याला पाय कुठंतरी रोवावा लागतो त्या माणसाला सोडा. नियम बनवणाऱ्यांना विचारा, बॉलची जागा ठरवायला सेन्सर का वापरत नाही. ते कोणी विचारत नाही, कारण सेन्सर आला तर दुसऱ्या दिवशी बोलायचं काय?

साडूंनी तो टीव्ही २०२० मध्ये बदलला. जुना गराजमध्ये आहे. मेहुणीबाईंनी पुसला होता, पण कडेनं फ्रेममध्ये गेलेला तेलाचा डाग अजून दिसतो. फक्त एकच उरलाय. तो साडूंचा की माझा, यावर आमचं एकमत नाही.